सरकारकडे तशी नोंद नाही

भाऊसाहेब,

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या कमिटीनं मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. दोन पानं, चांगलं चांगलं लिहा, स्मरणिकेत सुरुवातीलाच घेऊ. "डॉक्टर, तुमचा घरोबा होता त्यांच्याशी," असं अध्यक्ष फोनवर म्हणाले. होता, चांगला दहा-अकरा वर्षांचा घरोबा होता. म्हणूनच पेन हातात घेतल्यावर आधी काय आलं असेल तर किळस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्हीसुद्धा हेच म्हणायचात, आणि तेही नेमकं ज्यांच्या जाण्याबद्दल कुणी तुम्हाला जाब विचारायचं त्यांच्याविषयी.

माजी परराष्ट्रमंत्री, अशी ओळख करून दिलेली तुम्हाला आवडायची. कुठल्या देशाचे ते मी इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहे, बाकीच्यांनी समुद्रातलं एक बेट समजावं. तुमच्या पणजोबांना रत्नागिरीकडून बोटीत घालून तिथल्या बंदरावर हमालीला नेलं, आणि पणतू त्याच बंदराचा सौदा करायला सूट घालून बसला. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं, तुमच्याच डायनिंग टेबलावर. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "डॉक्टरीणबाई, याला प्रगती म्हणतात." बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार होतं?

बंदर परक्या आरमाराला भाडेपट्ट्यानं देऊन टाकलंत, त्यावरून कामगारांनी संप केला, आणि तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी माणसं उचलायला सुरुवात केली. ते काम तुमच्या खात्याचं नव्हतं, हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलंत. तुमच्या खात्याचं काम एवढंच की इकडे लंडनला यायचं आणि परिस्थिती सुरळीत आहे असं सांगायचं. ते तुम्ही फार सुंदर केलंत. मग एक दिवस लोक रस्त्यावर आले, अध्यक्ष विमानात बसून पळाले आणि तुम्ही लंडनच्या एका हॉटेलात अडकलात. तुमच्या वकिलातीचा ड्रायव्हर आला आणि तुम्ही गाडीत बसलेले असताना त्यानं पुढचा झेंडा काढून घडी घालून खिशात ठेवला. ही गोष्ट तुम्ही दर गणपतीत सांगायचात, आणि दरवेळी तुमचे डोळे भरून यायचे. पहिल्या वर्षी माझेही आले होते.

लंडनहून तुम्ही बर्मिंगहॅमला आलात, कारण तुमच्या मिसेसच्या, ताईंच्या, भावाचं इथे दुकान होतं. साधं, शेजारच्याशी भिंत लागलेलं टेरेस्ड घर, मागे हातभर गार्डन. आणि आमचं मंडळ काय विचारता, सगळे नुसते ओवाळायला तयार. शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमची, शाल-नारळ तुम्हाला, मुलांची बक्षिसं तुमच्या हस्ते. तुम्ही तिकडे काय केलंत हे कुणी विचारलं नाही. कुणाला पडलंय? फोटोत शेजारी माजी मंत्री असला की पुण्याला पाठवायला बरं. त्या फोटोंतल्या तीन-चारांत मीही आहे.

तुमचं मीठ खाल्लंय मी, ते नाकारत नाही. माझे वडील पुण्यात शेवटच्या घटका मोजत होते आणि माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता, तेव्हा तुम्ही दिवसभर फोनला चिकटून बसलात. कुणाकुणाला काय काय सांगितलंत देव जाणे, पण पासपोर्ट हातात आला आणि मला वडिलांचा हात धरायला मिळाला. माझ्या मुलीला तुम्ही डिबेटिंग शिकवलंत. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत आधी मांडायचं आणि मग ते उलटवायचं, ही तुमची युक्ती ती अजून वापरते. आणि तुमच्या हातचं सुरमईचं कालवण. मी पुण्याची, पण तसं कालवण मी कुठे खाल्लं नाही. या सगळ्याची आठवण आली की मला तुमचा जास्त राग येतो. नुसते वाईट असतात ती माणसं सोपी.

आता सुधाबद्दल लिहिते. मंडळाला हे नको असेल तर त्यांनी दुसरा लेखक बघावा.

सुधा दळवी आमच्या हॉस्पिटलमध्ये रिकव्हरीत स्टाफ नर्स म्हणून आली. आधी स्लाऊला चुलतभावाकडे राहत होती. मी भूल देणारी, त्यामुळे पेशंट शुद्धीवर येईपर्यंत आमचं दोघींचं काम एकमेकींना लागून. तुमच्याच बेटावरची, तुमच्यासारखंच जुन्या वळणाचं मराठी बोलणारी. गळ्यात मंगळसूत्र, पण नवऱ्याचा विषय निघाला की नुसतं म्हणायची, "इथे नाहीत." एकदा कॅन्टीनमध्ये तिनं सगळं सांगितलं. वसंत शाळेत मास्तर होता. बंदरातल्या संपवाल्यांना तो पत्रकं लिहून द्यायचा. एका दुपारी वर्गातून त्याला जीपमध्ये घालून नेलं, आणि त्यानंतर त्याचा पत्ता नाही. इथल्या काही लोकांनी आवाज उठवला, तेव्हा तुम्ही लंडनमध्ये पत्रकारांसमोर उभे राहिलात. म्हणालात की श्रीयुत दळवी स्वखुशीनं देश सोडून गेलेत, बहुधा दुसरा संसार थाटलाय, सरकारकडे त्यांच्या अटकेची नोंद नाही. आणि हसलात. सुधानं ते रेडिओवर ऐकलं. "हसू ऐकू येतं हो रेडिओवर," ती मला म्हणाली.

तुमचं ते एक वाक्य, भाऊसाहेब. मंत्र्याचं वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सुधाच्या सासूनं ते धरून ठेवलं, कारण त्यात तिचा मुलगा जिवंत होता. आणि मुलगा जिवंत, पण घरी नाही, म्हणजे दोष कुणाचा? "बाई धड असती तर नवरा दुसरीकडे गेला असता का?" बेटावर सगळे हेच म्हणायला लागले. सुधा तिथून इकडे निघून आली ती याच बोलण्याला कंटाळून. मारून टाकलेल्या माणसाची बायको आणि टाकून दिलेली बायको, यातली आपण कोण, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. तिला ना पैसे हवे होते, ना तुम्हाला कोर्टात खेचायचं होतं. मी तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, "डॉक्टर, मला त्यांच्यासाठी रडायचंय. पण रडायला बसले की मनात येतं, कुठेतरी दुसरीच्या घरी जेवत असेल तर?"

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मी सुधाला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की ताईही येणार आहेत. ती म्हणाली, येते, मला त्यांना एकदा बघायचंय. बाहेर बर्फ, आत गॅसच्या हीटरसमोर कार्पेटवर पंधरा-वीस बायका. मला कुंकू लावणं जमत नाही, बोट नेहमी नाकावर घसरतं, म्हणून दरवर्षी ताईच माझ्या वतीनं लावायच्या आणि मी मागून तिळगूळ आणि वाण देत जायची. रांगेत सुधा आली. ताईंनी हळद लावली, कुंकवात बोट बुडवलं आणि प्रेमानं विचारलं, "नवीन दिसतेस. कुठची गं तू?"

"तुमच्याकडचीच, ताई. वसंत दळवींची बायको."

ताईंचा हात तिच्या कपाळापाशी पोचला होता. तो थांबला, आणि तिला ओलांडून शेजारच्या बाईच्या कपाळाला लागला. ठरवून अपमान करतात तसं ते नव्हतं. आपल्या बायका जन्मभर ज्या सवयीनं विधवेला ओलांडून पुढे जातात, त्या सवयीनं तो हात गेला. मग ताईंच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ही विधवेला वगळायची चाल मला मुळात पटत नाही, लाज वाटते तिची. पण तुमच्या सगळ्या कारकिर्दीत तुमच्या घरातून बाहेर पडलेली पहिली खरी बातमी त्या चालीमुळे कळली.

बाकीच्यांना वाटलं, तिकडच्या राजकारणाचं काहीतरी असेल. सुधा उठून किचनमध्ये गेली आणि कप विसळायला लागली. मी मागोमाग गेले. "ते नाहीत, डॉक्टर," ती म्हणाली. "मंगळसूत्र घातलेल्या बाईला असं कुणी ओलांडत नाही. ताईंना माहितीय." तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. नवरा मेला म्हणून एखाद्या बाईला हायसं वाटावं, इथवर तुम्ही तिला आणून ठेवलं होतंत.

त्याच आठवड्यात मी तिला घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ॲप्रन बांधून मासे साफ करत होतात. हात धुतलेत, तिला खुर्ची दिलीत, चहा टाकलात. आदरातिथ्यात तुमची कधी कसूर नव्हती. ताई बेडरूममधून बाहेरच आल्या नाहीत. सुधानं विचारलं, "एवढंच सांगा. ते आहेत की नाहीत?"

"सुधाबाई," तुम्ही म्हणालात, "तेव्हा जे निवेदन केलं त्याच्यापलीकडे मला काही माहिती नाही. सरकारकडे तशी नोंद नाही."

"मग ताईंनी कुंकू का नाही लावलं?"

"त्यांचा चष्मा बदलायला झालाय."

मला राहवलं नाही. "कुठलं सरकार, भाऊसाहेब?" मी म्हटलं. "तुमचं सरकार जाऊन किती वर्षं झाली. आता कचऱ्याची बिन कधी बाहेर ठेवायची हेसुद्धा तुम्हाला कौन्सिल सांगते." तुम्हाला ते लागलं, मला दिसलं. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "परिस्थिती बदलतेय तिकडे. मार्चपर्यंत मला बोलावणं येईल. अशा वेळी एकेक शब्द तोलून वापरावा लागतो." मार्च तुमचा दरवर्षी यायचा. त्या न आलेल्या बोलावण्यासाठी तुम्ही एका जिवंत बाईला तिष्ठत ठेवलं होतंत, आणि वर आम्हाला मासे बांधून देत होतात. मी घेतले नाहीत.

आणि तिथेच थांबला असतात तरी मी कदाचित हा लेख वेगळा लिहिला असता. म्हातारा घाबरला, असं म्हटलं असतं. पण पुढच्या रविवारी मी सुधाच्या फ्लॅटवर चहा घेत बसले होते, तर बेल वाजली आणि दारात तुम्ही, मागे ताई. ताईंच्या हातात ताट. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. तुम्ही म्हणालात, "ताईंकडून त्या दिवशी अनवधानानं राहून गेलं. गैरसमज नको म्हणून म्हटलं, स्वतः जाऊन ओटी भरून यावं." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मरणाच्या दारातले पेशंट मी खूप बघितलेत, पण तशी नजर नाही बघितली. त्यांच्या बोटातून कुंकू सुधाच्या भुवईवर सांडलं. तुम्ही हातावर कोट घेऊन दाराशी उभे होतात. करारावर सह्या होताना मंत्री उभे राहतात ना, तसे. ताईंच्या तोंडून आशीर्वाद फुटेना. तेव्हा तुम्ही, भाऊसाहेब, तुम्ही स्वतः दारातून म्हणालात, "अखंड सौभाग्यवती हो."

शी. मी बंदराचा सौदा एक वेळ समजू शकते. राजकारणात सगळे तसेच, म्हणून सोडून देते. लंडनमधलं खोटंसुद्धा, नोकरी होती म्हणते. पण ती विधवा आहे हे पक्कं माहीत असताना बायकोला तिच्या घरी नेऊन तिची ओटी भरायला लावणं, आणि बायकोला बोलवेना म्हणून आपणच तो आशीर्वाद देणं? हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अध्यक्ष नव्हता डोक्यावर. हे तुम्ही तुमच्या हौसेनं केलंत.

तुम्ही गेल्यावर मी सुधाला रागानं विचारलं, बसून का राहिलीस, ताट उधळून का नाही दिलंस? ती म्हणाली, "मी उठले असते तर घरी गेल्यावर ताईंना बोलणी बसली असती." तिनं त्याही वेळी ताईंचा विचार केला.

तिनं बेटावर सासूला फोन केला, घडलं ते सांगितलं. सासू म्हणाली, "कुणाचा तरी हात चुकला म्हणून तू माझ्या मुलाला मारतेस?" झालं. तुमचं वाक्य अजून खणखणीत उभं होतं. आणि तुमच्या ओटीनं त्याला आणखी टेकू मिळाला, कारण मंत्र्यांच्या बायकोनं स्वतः येऊन कुंकू लावलं ही बातमीही तिकडे पोचलीच. कुणी पोचवली ते मी विचारत नाही.

त्यानंतर मी तुमच्याकडे येणं सोडलं. शेवटची भेट आमच्याच हॉस्पिटलमध्ये, तुमच्या ऑपरेशननंतर. तुम्ही अर्धे झाला होतात. गळ्याची हाडं वर आलेली, पण केस विंचरलेले. मला बघून तुम्हाला एवढा आनंद झाला की मला रडू आलं. हो, आलं. माझ्या वडिलांचा हात धरायला मिळाला तो तुमच्यामुळे, आणि तुमचा हात तसाच लागत होता, हलका आणि गार. मग मी विचारलं. म्हटलं, आता कुठला मार्च नाही, भाऊसाहेब. एक शब्द बोला, मी सुधाला बोलावते. "माणूस जातो, डॉक्टरीणबाई," तुम्ही म्हणालात. "नाव तेवढं मागे राहतं. ते राहू दे माझं." मी म्हटलं, "वसंतचं काय राहिलं?" तुम्ही पाणी मागितलंत. मी पाजलं, आणि माझ्या लिस्टवरचा पुढचा पेशंट बघायला गेले.

घरी नेल्यावर महिन्याभरात तुम्ही गेलात. क्रेमेटोरियमला मंडळ झाडून आलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी "थोर सुपुत्र" म्हटलं. मी मागे उभी होते.

परवा मी ताईंकडे पिठलंभात घेऊन गेले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, इथे कुकर असला तरी. सुधाला मी बोलावलं नव्हतं, पण ती मला तुमच्या गेटापाशी भेटली, तिच्याही हातात डबा. ताई पुढच्या खोलीत एकट्या होत्या. कपाळ मोकळं. सुधानं डबा ठेवला आणि त्यांच्या पायाशी कार्पेटवर बसली. म्हणाली, "जेवून घ्या, ताई." बाकी काही विचारलं नाही.

ताई म्हणाल्या, "तुझा वसंत गेला गं. धरून नेलं त्याच आठवड्यात गेला. लंडनच्या हॉटेलात यांना रात्री फोन आला तेव्हा मी यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. सकाळी तो शर्ट घालून ते बोलले. दुसरी बाई वगैरे काही नव्हतं. ते यांना गाडीत बसल्यावर सुचलं, परत आल्यावर मला सांगत होते की बरं सुचलं म्हणून."

सुधानं एवढंच विचारलं, "हे सासूबाईंना सांगाल?"

ताईंनी तुमचा फोन ओढला, भाऊसाहेब. ज्या फोनवरून तुम्ही माझा पासपोर्ट सोडवलात तोच. सुधानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडे म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ताईंना ओरडून सांगावं लागलं. आधी त्यांनी तुमचं नाव सांगितलं, मग "मी त्यांची बायको" म्हणाल्या, आणि मग, "तुमचा मुलगा सुनेला टाकून गेला नाही. त्याला मारला. यांना माहीत होतं." दोनदा ओरडून सांगितलं. शेजारच्या इंग्लिश बाईनंसुद्धा भिंतीपलीकडून ऐकलं असेल. मग त्यांनी फोन सुधाला दिला. सासू म्हणाली, "मुली, बातमी कळेल त्या दिवसापासून धरतात आपल्यात. आजपासून धर." सुधा रिसीव्हर हातात घेऊन तुमच्या खुर्चीत रडली. मोठ्यानं, हंबरून, एवढ्या वर्षांचं. ताईंनी तिला जवळ घेतलं नाही, तेवढी हिंमत त्यांना झाली नाही. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या.

काल सकाळी सुधा वॉर्ड सिस्टरकडे रजा मागायला गेली. मी शेजारच्याच टेबलावर नोट्स लिहीत होते. सुधा म्हणाली, माझे मिस्टर वारले. सिस्टर गोरी, चांगली बाई आहे. तिनं उठून सुधाचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "अगं, कधी?"

सुधा म्हणाली, "काल."

तेव्हा भाऊसाहेब, रविवारच्या तुमच्या शोकसभेला आमची वाट बघू नये. सुधाच्या घरी सुतक आहे, आणि मी तिच्याकडे असेन.